खिडकीकडच्या खुर्चीला विचारून

१

मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या, त्यांतल्या दोनच वापरात.

सर चहा ओतत होते. ओतणं त्यांना अजून जमत होतं. ओतून झालं की किटली कुठे ठेवायची हे मात्र सुचत नसे, म्हणून लेक हात पुढे करूनच बसली होती. कॉलेजात चौतीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलेला माणूस. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना सरच म्हणत. ती बाबा म्हणायची. स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन तीन वर्षं झाली होती. घरातल्या प्रत्येक कपाटावर तिच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या : कपडे, ताटं, औषधं, हात लावू नये. न्हाणीघरातल्या आरशावर तिने कागद चिकटवला होता, कारण आरशातल्या म्हाताऱ्याला सर रोज सकाळी 'आपण कोण?' असं विचारत आणि उत्तर येईना म्हणून संतापत.

सरांनी तिसरा कप भरला.

"हा कोणाला, बाबा?"

"ह्यांना." त्यांनी खिडकीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला. "साखर घालू नकोस. चालत नाही त्यांना."

"घ्या हो," ती खुर्चीला म्हणाली. "गार होईल. आमच्याकडे आग्रह करायची पद्धत नाही, सांगून ठेवते."

सर खूश झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "ठमे, आज वार कोणता?"

ती मुद्दाम बोलली नाही. समोरच्या भिंतीवर फळा होता, त्यावर ती रोज वार लिहायची. त्यांनी तो वाचावा एवढीच अपेक्षा. सरांनी फळ्याकडे पाहिलं नाही. ते खुर्चीकडे वळले, ऐकू कमी येणारा माणूस करतो तसा कान पुढे केला, दोनदा 'हं, हं' म्हणाले आणि मग हिच्याकडे वळून ऐटीत म्हणाले, "मंगळवार."

"शाब्बास!"

कप विसळायला उठली तेव्हा तिची नजर फळ्यावर गेली. 'आज रविवार आहे.' दोन दिवस तिने तो पुसलाच नव्हता. रेडिओ बंद होता. वर्तमानपत्र येणं बंद करून वर्ष झालं होतं.

अंदाज, ती मनाशी म्हणाली. सातातला एक. सातातल्या एकाने हुरळून जायचं कारण नाही आणि घाबरायचंही नाही.

खिडकीकडचा कप तिने तसाच मोरीत ओतला. तो भरलेला होता. हेही तिने पाहून ठेवलं.

२

पाहून ठेवणं हा तिचा धंदाच होता. ती लिफ्ट तपासनीस होती. दोर, ब्रेक, दरवाजे तपासायचे, तक्ता भरायचा, खाली सही करायची. आणि स्वतः पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही. ह्या शेवटच्या हट्टापायी तिने बड्याबड्या इमारतींच्या लिफ्टना कुलूप ठोकलं होतं आणि भांडकुदळ बाई म्हणून नाव कमावलं होतं. आता सहा महिने ती रजेवर होती.

पाहुण्यांचा सल्ला मात्र डॉक्टरांचा. मेंदूच्या त्या डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी नऊ मिनिटं दिली होती, त्यांतली पाच पडद्याकडे बघण्यात गेली.

"घरात कोणी परका राहतोय असं बऱ्याच पेशंटना वाटतं," ते म्हणाले होते. "तुम्ही वाद घालू नका. कोणी नाही म्हणालात की ते बिथरतात. हो म्हणा. पाहुणा आलाय म्हणाले, तर बसा म्हणा."

"म्हणजे रोज खोटं बोलू?"

"त्यांच्या जगात जा." हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणत असावेत. म्हणताना त्यांनी मान वर केली नाही. पेशंटच्या जगात जायला ह्यांचं काय जातं, तिच्या मनात आलं. ह्यांना तिथे राहायचं नाही.

मेंदूचं चित्र दाखवताना डॉक्टर अडखळले तेव्हा सरांनीच त्यांच्या हातून पेन्सिल घेतली होती. तेव्हा त्यांचं बरं चालू होतं. "पेशींच्या बाहेर चिकट प्रथिनांच्या गुठळ्या, आत दोऱ्यांचा गुंता," ते वर्गावर असल्यासारखे म्हणाले. "आणि एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं रसायन, ॲसिटिलकोलीन, ते आटत जातं. ते मोडणारं एक विकर असतं, त्याला ही गोळी अडवते. म्हणजे काय, तर निरोप्याला चार पावलं जास्त चालू देते. निरोपच लिहिला गेला नसेल तर गोळी काय करणार, डॉक्टर?"

"मग गेलेली आठवण जाते कुठे, बाबा?" तिने विचारलं होतं.

"कुठे जाणार? सांधा तुटला, संपलं. ती काय पिशवीतली भाजी आहे, सांडली की दुसऱ्याने उचलायला?"

डॉक्टर हसले. ती नऊ मिनिटांतली एकच चांगली गोष्ट.

दादाचा, म्हणजे तिच्या भावाचा, फोन दर आठवड्याला परदेशातून यायचा. तो वाईट नव्हता. तो लांब होता, आणि लांबून सगळं सोपं दिसतं. त्याने एक देखभाल केंद्र शोधून ठेवलं होतं. "तू किती दिवस असं आयुष्य जाळणार? तिथे नर्स आहेत, बाग आहे."

"त्यांना इथे मी आहे."

"आणि त्यांना तू आठवेनाशी झालीस की?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "ज्या दिवशी बाबा मला ओळखणार नाहीत, त्या दिवशी त्यांची बॅग मी स्वतः भरीन. तोवर तू केंद्राचं नाव काढायचं नाहीस."

"शब्द?"

"शब्द."

दादाने तो धरला. केंद्राची निरीक्षक बाई महिनाअखेरीच्या शुक्रवारी घरी येऊन तपासणी करील, ओळख आहे की नाही ते ती ठरवील, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. आई गेल्यापासून ह्या जगात तिला 'ठमे' म्हणणारा एकच माणूस उरला होता. शुक्रवारी तो माणूस पणाला लागणार होता.

३

तिने वही घातली. तारीख, बाबा काय विसरले, खुर्चीला विचारून काय सांगितलं, बरोबर की चूक. सतरा दिवसांत तेवीस नोंदी झाल्या. 'चूक'चा रकाना कोरा.

कॉलेजातल्या खोलीचा नंबर. आईचं माहेरचं नाव. स्वतःचा रक्तगट. दर वेळी तेच : सर अडत, खिडकीकडे वळत, कान पुढे करत, मग हिला सांगत. तिने त्यावर बरीच डोकेफोड केली आणि एक समजूत बांधली. माणूस काही आठवायचं तर छताकडे बघतो, डोळे मिटतो, पुटपुटतो. बाबा खुर्चीकडे बघतात. खुर्ची म्हणजे काठी. काठी चालत नाही, माणूसच चालतो. समजूत पक्की होती. त्या समजुतीला तिने स्वतः मंजुरी दिली.

अडचण नोंदींतच निघाली. जी गोष्ट सर एकदा खुर्चीला विचारत, ती त्यांच्याकडे परत येत नसे. पुढच्या वेळी पुन्हा विचारावीच लागे. जणू तिथे ठेवायला दिलेली. आणि एका सकाळी ते बुटाची नाडी बांधायला बसले, तेव्हा बोटं अडल्यावर त्यांनी खुर्चीच्या पायांशी नजर लावली. एक वेढा. थांबले, पाहिलं. दुसरा वेढा. थांबले, पाहिलं. समोर कोणी सावकाश करून दाखवत असल्यासारखी त्यांनी गाठ मारली. गाठ उत्तम बसली होती.

घरी कामाला येणाऱ्या मावशींना ह्याचं काही नव्हतं. सकाळी आठ ते दुपारी तीन त्या सरांची आंघोळ, औषधं, जेवण बघत. "तुमचे पाहुणे फार गुणाचे, ताई," त्या म्हणायच्या. "माझ्या नवऱ्यापेक्षा बरे. जेवणाला नावं नाहीत, टीव्हीचा आवाज नाही." झाडताना त्या टेबलाखाली वाकून ओरडत, "पाहुणे, पाय वर घ्या!" आणि सर खदखदून हसत.

एका गुरुवारी तिला दिसलं की खिडकीकडच्या खुर्चीखाली केर तसाच आहे. शुक्रवारीही तसाच.

"मावशी, तेवढाच कोपरा का सोडलात?"

मावशी भांडी पुसत राहिल्या. "तिथलं तुम्हीच काढा."

"का?"

"बुधवारी म्हटलं, पाय वर घ्या."

"रोजच म्हणता."

"रोज म्हणते. बुधवारी घेतले."

"कोणी?"

"मला काय विचारता, ताई? मी खाली वाकलेली. वर बघितलं नाही." त्यांनी फडकं पिळलं. "बघणार पण नाही. सरांसाठी येते मी. तुमचं दुसरं माणूस माझ्याकडे नाही."

तिने स्वतः झाडू घेतला. खुर्ची सरकवली. हलकी होती, नेहमीसारखी. खाली धुळीत दोन लांबट स्वच्छ जागा होत्या, शेजारी शेजारी, पावलं टेकल्यासारख्या. सर कुठेही बसतात, तिने स्वतःला सांगितलं. आणि त्या जागांवरून दोनदा झाडू फिरवला.

४

तपासणीच्या आधीचा सोमवार. जेवणं झाली होती, मावशी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. तिने वही मिटली आणि ठरवलं की एकदाच, नीट, भार टाकून बघायचं. लिफ्टच्या दोरावरही ती हेच करायची.

"बाबा, मी लिफ्टमध्ये अडकले होते ते आठवतं?"

तिला आठवत होतं. सात वर्षांची होती. कॉलेजची जुनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, दिवा गेला. बाबा बाहेर दाराशी होते. चाळीस मिनिटं त्यांनी दारातून तिच्याकडून वीस अमिनो आम्लांची नावं पाठ करून घेतली, ग्लायसीन, ॲलानीन, व्हॅलीन, म्हणजे तिने रडू नये. मधूनच मेकॅनिकचा घोगरा आवाज यायचा, 'झालंच हां बेटा, पाचच मिनिटं.' त्या आवाजाच्या भरवशावर ती शांत बसली. पुढे हीच नोकरी धरली ती बहुधा त्याच आवाजामुळे.

सरांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग ते वळले. खिडकीतून येणारं ऊन खुर्चीच्या पाठीवर पडलं होतं. सर ऐकू लागले, आणि ह्या वेळी फार वेळ ऐकत राहिले. मध्येच 'अरेरे' म्हणाले. मध्येच हसले. गोष्ट पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतो तसे.

"हे सांगतात," ते हळूच म्हणाले, "की मेकॅनिक आलाच नव्हता."

"काय?"

"संध्याकाळ होती, सगळे घरी गेलेले. जिन्यात एकटेच होते हे. पोरगी घाबरेल म्हणून हेच आवाज बदलून बोलत होते. मेकॅनिकचा आवाज ह्यांचाच." सरांनी कौतुकाने मान हलवली. "आणि सगळा वेळ रडत होते म्हणे. तिला कळू नये म्हणून तोंडात रुमाल धरून."

बत्तीस वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणारा माणूस एकच होता. तिने टेबलाची कड घट्ट धरली. काठी, ती म्हणत होती, काठीच आहे, हे बाबांच्याच आत होतं, ते आत्ता बाहेर आलं. ह्यात आनंद व्हायला हवा.

"बाबा, ती पोरगी कोण?"

"ह्यांची मुलगी." सरांनी तिच्याकडे पाहिलं. तेच डोळे, तसेच मऊ. पण दारात आलेल्या अनोळखी माणसाशी बोलताना आणतात ती अदब त्यांत होती. "तुम्हीच का त्या? बसा ना, उभ्या का? तुमचे वडील मघापासून तुमचीच आठवण काढतायत."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला तुम्ही म्हटलं होतं.

५

तिने नियम मोडला. उभी राहून म्हणाली, "तिथे कोणी नाही, बाबा. खुर्ची रिकामी आहे. माझे वडील तुम्ही. बघा माझ्याकडे." आणि खुर्ची उचलून बाहेर जिन्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली, दाराला कडी घातली.

सर बिथरले नाहीत. बिथरले असते तर बरं. ते टेबलाशी बसून राहिले. मंगळवारी त्यांनी चमच्याकडे पाहिलं आणि तो कशासाठी असतो हे त्यांना कळलं नाही. बुधवारी घास तोंडात तसाच राहू लागला. गिळायचं मावशी त्यांना गळ्यावरून बोट फिरवून सुचवत होत्या. शब्द गेले. 'पाणी' गेला, 'नको' गेला. दर काही मिनिटांनी ते खिडकीकडे वळत, कान पुढे करत आणि तसेच वाट बघत थांबत.

डॉक्टरांना फोन केला. "आजार पुढे सरकतोय," ते म्हणाले. "असं एकदम उतरतं कधी कधी. लघवीची तपासणी करून घ्या."

तपासणीत काही निघालं नाही.

"ताई," गुरुवारी दुपारी मावशी पदर सारखा करत म्हणाल्या, "मी अडाणी बाई. पण सरांचं जे काय होतं ते तुम्ही जिन्यात ठेवलंय."

"तुम्हीच भीत होतात ना?"

"भीते अजून. पण उपाशी माणसापुढे भीती काय करायची?"

दादाचा मेसेज आला होता : उद्या साडेदहा. ती जिन्यात गेली. खुर्ची होती तिथेच होती, तोंड मात्र त्यांच्या दाराकडे. वरच्या मजल्यावरच्या कोणी येताजाता हलवली असेल. तिने ती उचलून आत आणली, खिडकीशी ठेवली, आणि समोर बसून, आयुष्यात न केलेली गोष्ट केली. न पाहिलेल्याला मान्यता दिली.

"तुम्ही आहात," ती खुर्चीला म्हणाली. "मी हो म्हणते. मनापासून म्हणते, डॉक्टरांसाठी नाही. उद्याचा एक दिवस. त्या बाई जे विचारतील ते सांगा. मी कोण, ते सांगा. बाबा इथून जाता कामा नयेत, बास."

सर आतून पाय ओढत आले, आपल्या जागी बसले, आणि बुधवारपासून पहिल्यांदाच त्यांनी कोणी न सुचवता घास गिळला.

६

निरीक्षक बाई बरोबर साडेदहाला आल्या. हातात फाइल, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर पुढच्या दोन घरांची घाई. त्यांचा एक नियम होता : तपासणीच्या वेळी घरच्यांनी बाहेर थांबायचं.

"नातेवाईक खुणा करतात हो," त्या म्हणाल्या. "आठवण पेशंटची तपासायची की तुमची? चाळीस मिनिटं. बोलावते मी."

दार लागलं. ती आणि मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या. मावशींनी सुपारी काढली, मग तिला दाखवून परत ठेवली. आतून खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. एक. दोन. तीन.

"बाईंची एक, सरांची एक," मावशी बोटं मोजत म्हणाल्या, आणि तिसऱ्या बोटाशी थांबल्या.

"पिशवी ठेवायला ओढली असेल."

"असेल."

बाईंचे प्रश्न ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते. उत्तरं येत होती. पटापट येत होती. तिच्या छातीवरचा धोंडा हलला. बाबांचा आवाज, तीन वर्षांपूर्वीचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. बाई हसल्या. बाबा हसले.

"ऐकलंत?" ती मावशींना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मग आत कोणीतरी म्हणालं, "ग्लायसीन."

"ग्लाय... सीन," कोणीतरी म्हणालं.

"ॲलानीन."

"ॲला..." थांबून, घास अडकल्यासारखं, "...नीन."

"शाब्बास. व्हॅलीन."

आवाज एकच होता. दोन्ही वेळा बाबांचाच. पण पहिला सांगत होता, आणि दुसरा त्याच्या मागून म्हणत होता. आणि दुसरा संपायच्या आधीच पहिल्याने पुढचं नाव घेतलं होतं. दोन्ही एका क्षणी. ती मावशींकडे वळली. मावशींनी दोन्ही कान तळहातांनी दाबून धरले होते.

दार उघडलं. निरीक्षक बाई दारात पाठमोऱ्या होत्या, आत बघून निरोप घेत होत्या. "येते हं, सर. फार छान वाटलं." मग मान थोडी वळवून, लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात, "येते हं, आजोबा."

बाईंच्या खांद्यावरून तिला टेबल दिसलं. बाबा नेहमीच्या खुर्चीत, पाठ तिच्याकडे, डोकं खाली. आणि त्यांच्या पलीकडे, खिडकीकडच्या खुर्चीच्या हातावर टेकलेलं एक कोपर. विटकरी चौकडीची बाही. सकाळी तिने बाबांना जो शर्ट घातला होता, त्याचीच. तसा शर्ट घरात एकच होता.

बाई बाजूला झाल्या. खुर्ची रिकामी होती.

७

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," बाई चपला घालत म्हणाल्या. "एका माणसाची तपासणी मागवलीत. दुसऱ्याचा फॉर्म माझ्याकडे जादा होता म्हणून भागलं."

"दुसरा कोण?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, जरा चिडूनच. "ते मी तुम्हाला विचारायचं. तुमचे वडील ठणठणीत आहेत, त्यांचं कशाला उगाच? पण त्या दुसऱ्यांना असं ठेवून कसं चालेल?" कागद तिच्या हातात देऊन त्या जिना उतरल्या.

ती आत गेली. उभ्यानेच वाचलं.

पहिला फॉर्म. वरती सरांचं पूर्ण नाव. वार, तारीख, पत्ता : अचूक. शंभरातून सात-सात वजा : चूक नाही. मुलीला ओळखतात : हो, घरी 'ठमा' म्हणतात, लहानपणापासून हट्टी असल्याचं सांगितलं. शिफारस : केंद्रात दाखल करण्याची गरज नाही, मुलीजवळच राहावं. खाली सही. ठसठशीत, शेवटी एक आडवी रेघ.

दुसरा फॉर्म. वृद्ध पुरुष. नाव : सांगता येत नाही. वार, तारीख, पत्ता : सांगता येत नाही. दाराबाहेर बसलेल्या बाई कोण असं विचारता, पहिल्या गृहस्थांकडे बोट दाखवून 'ह्यांची मुलगी' असं सांगितलं. स्वतःचं कोणी नसल्याचं सांगितलं. शिफारस : नातेवाइकांचा शोध घ्यावा, तोवर केंद्रात हलवावं. सही येत नाही, डाव्या हाताचा अंगठा.

सर टेबलाशी बसले होते. ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा डावा हात उलटा केला. अंगठा निळा होता.

"बाबा," ती म्हणाली.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं, कान पुढे केला, मग तिच्याकडे वळून नम्रपणे हसले. "तुम्हाला हाक मारतायत," ते म्हणाले.

त्याला आता चार महिने झाले. दादा खूश आहे. अहवाल वाचून त्याने केंद्राचं नाव सोडलं, ठरलं होतं तसं. तिने केंद्राला तीन पत्रं लिहिली. पहिल्याला पोच आली. दुसऱ्याला उत्तर आलं की निरीक्षक बाई आपल्या अहवालावर ठाम आहेत, त्यांचा अनुभव सोळा वर्षांचा आहे. तिसऱ्या पत्रात तिने एवढंच विचारलं होतं की पहिल्या फॉर्मवरची सही कोणी केली. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. सही कॉलेजच्या दप्तरातल्या सरांच्या सहीशी ताडून पाहिली, ती तंतोतंत जुळते. अंगठा कोणाचा, हे तीस दिवसांच्या आत कागदपत्रांसह कळवावं, अन्यथा सदर अनोळखी वृद्धांना ताब्यात घेण्यासाठी गाडी पाठवण्यात येईल.

कागदपत्रं घरात आहेत. ती सगळी सही करणाऱ्याच्या नावावर आहेत. सरांची बोटं पेन धरेनाशी झाली, त्याला त्या शुक्रवारी अकरा महिने झाले होते.